वास्तुविशारद न झालेला शिक्षक

सातवीत चित्रकलेच्या तासाला आपण पुठ्ठ्याची घरं केली होती, आठवतं? बाईंनी आधी हातात रिकाम्या काड्यापेट्या, पुठ्ठा आणि खळ दिली. घर उभं राहिल्यावरच ते समोरून, बाजूने आणि वरून कसं दिसतं, ते वहीत काढायला लावलं. पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगचा पेपर सुटला तो त्या घरामुळे. आधी हात, मग वही, हा विचार ज्यांनी आयुष्यभर मांडला ते फ्रेडरिक फ्रोबेल आपल्या शिक्षकांना अभ्यासक्रमातून ठाऊक असतील. मला मात्र फार उशिरा भेटले.

जर्मनीतल्या थुरिंगियामध्ये १७८२ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. नऊ महिन्यांचे असतानाच आई गेली. जंगलखात्याच्या कामाची उमेदवारी झाली, येना विद्यापीठातलं शिक्षण पैशांअभावी अर्धवट राहिलं. १८०५ साली ते वास्तुकला शिकायला फ्रँकफर्टला गेले आणि तिथल्या एका शाळेत शिक्षक झाले. इमारती राहिल्या त्या राहिल्याच. पुढे स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोझींच्या शाळेत ते दोन वर्षं राहिले, बर्लिनमध्ये स्फटिकांचा अभ्यास केला आणि १८४० साली आपल्या बालशाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं.

मुलांसाठी त्यांनी तयार केलेल्या साधनांत एका लाकडी घनाचे आठ छोटे घन होते. पेटीतून आधी अख्खा घन बाहेर काढायचा, मग त्याचे भाग करायचे. घर बांधताना एकही ठोकळा उरू द्यायचा नाही. घराचा पूल करायचा तर सगळं पाडायचं नाही, एकेक ठोकळा हलवत जायचं. भिजवलेले वाटाणे आणि बारीक काड्या जोडून मुलं घरांचे सांगाडेही उभे करत.

१८५१ साली प्रशिया सरकारने या बालशाळांवर नास्तिकपणाचा आणि समाजवादाचा ठपका ठेवून बंदी घातली. पुतण्याच्या लिखाणाचा रागही त्यांच्यावरच निघाला. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले. बंदी उठली १८६० साली. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका आईने ही साधनं पाहिली आणि आपल्या मुलासाठी आणली. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध वास्तुविशारद झालेला फ्रँक लॉइड राइट. आपल्या कामावरचं त्या ठोकळ्यांचं ऋण त्याने शेवटपर्यंत मानलं. यातलं काहीच फ्रोबेल यांना कळलं नाही.

दहावीला चित्रकलेचा तास गणिताला दिला, तेव्हा आपणच टाळ्या वाजवल्या होत्या. बाई काही बोलल्या नाहीत. आपली घरं त्यांनी कपाटावर नीट मांडून ठेवली. त्या वेळच्या टाळ्यांची आज लाज वाटते. मेळाव्याला बाई येणार आहेत. त्यांच्या तासाचं काय झालं, ते त्यांना तरी कळावं, म्हणून हे लिहिलं.