गोव्याच्या पाद्रीने संमोहनाचं खरं कारण सांगितलं, पण पॅरिसने त्याची टर उडवली

वैभववाडीहून कोकण रेल्वेने निघालात की थिवीला उतरून पणजी गाठता येते. तिथे मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे. झगा घातलेला पाद्री हात पसरून उभा आणि समोर कलंडलेली एक बाई. पहिल्यांदा बघणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं, हा तिचा गळा आवळतोय.

खरं तर तो तिला संमोहित करतोय. त्याचं नाव आबे फारिया.

जोझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म १७५६ साली बार्देशातल्या कांदोळीचा. आईवडील वेगळे झाले, वडील पाद्री झाले आणि आई जोगीण. १७७१ मध्ये १५ वर्षांचा जोझे वडिलांसोबत लिस्बनला गेला. पुढे रोममध्ये शिकून तोही पाद्री झाला.

लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायची वेळ आली आणि फारियांची बोबडीच वळली. तेव्हा वडिलांनी हळूच कोकणीत सांगितलं की समोर बसलेली सगळी भाजी आहे, काप खुशाल. त्यासरशी भीती पळाली, असा किस्सा गोव्यात आजही सांगतात. एका वाक्याने माणसाचं मन असं कसं पालटतं, या प्रश्नाचा त्यांनी पुढे आयुष्यभर पाठपुरावा केला.

१७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध पिंटोंचा कट उघडकीस आला. संशयाची सुई फारिया बापलेकांकडेही वळली. १७८८ मध्ये फारिया पॅरिसला गेले, तर तिथे पुढच्याच वर्षी क्रांती पेटली. १७९५ च्या सरकारविरोधी उठावात या पाद्रीने एका तुकडीचं नेतृत्वही केलं.

त्या काळात फ्रान्समध्ये मेस्मर नावाच्या डॉक्टरची हवा होती. आपल्या अंगातून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याने रोगी बरे होतात, असा त्याचा दावा होता. १७८४ मध्ये राजाने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिनही तिच्यात होते. असा कुठलाही द्रव नसतो, हा कल्पनेचा परिणाम आहे, असा निकाल समितीने दिला.

मग लोक खरोखर झोपतात कसे?

१८१३ मध्ये फारियांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. ना चुंबक, ना मंत्र. माणसाला खुर्चीत आरामात बसवायचं, डोळे मिटून झोपेवर लक्ष द्यायला सांगायचं आणि मग झोपायची आज्ञा द्यायची. बस्स. त्यांचं म्हणणं होतं की शक्ती झोपवणाऱ्याकडे नसते, झोपणाऱ्याच्या मनात असते.

हे कोणालाच पचलं नाही. मेस्मरवाल्यांना त्यांचा द्रव हवा होता, चर्चला यात सैतान दिसत होता. त्यातच एका नटाने झोपेचं सोंग घेतलं आणि भर सभेत डोळे उघडून फारियांना तोंडघशी पाडलं. १८१६ मध्ये त्यांची खिल्ली उडवणारं नाटकही रंगमंचावर आलं. श्रोते पांगले. २० सप्टेंबर १८१९ रोजी फारिया गरिबीत वारले. त्यांचं पुस्तक त्याच वर्षी निघालं. त्यांची कबर कुठे आहे, याची खूणही राहिली नाही.

पुढे अलेक्झांडर द्युमाने 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'मध्ये आबे फारिया नावाचं पात्र रंगवलं, पण त्याला इटालियन करून टाकलं. फारियांचं म्हणणं खरं ठरायला आणखी काही दशकं जावी लागली. फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टरांनी सूचनेच्या प्रभावावर उपचार उभे केले. १८८९ मध्ये ते बघायला फ्रॉइडही तिथे जाऊन आले. पणजीतला पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला, तो १९४५ मध्ये उभा राहिला.

आज भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम करून शिकावं लागतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. फारियांच्या सभेत चूक दाखवणारा वरिष्ठ नव्हता. ते भर सभेत, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर शिकत गेले, आणि एका सोंगाड्याने त्यांचं सगळं काम मातीमोल केलं. पण बरं होण्याची ताकद रुग्णाच्याच मनात असते आणि उपचार करणारा फक्त वाट दाखवतो, हा त्यांचा धडा नव्या शिकाऊंना आजही पहिल्यांदा गिरवावा लागतो.