लंकेला गेलेला गोव्याचा विद्यार्थी : आचार्य धर्मानंद कोसंबी



ड्युसेलडॉर्फमध्ये नवे मराठी कुटुंब आले की पहिल्या भेटीत दोन प्रश्न हमखास निघतात. इकडे कशासाठी आलात, आणि परत कधी जाणार? पहिल्याचे उत्तर सोपे असते. दुसरा प्रश्न बहुतेक जण हसून टाळतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गोव्यातला एक तरुण असाच समुद्र ओलांडून एका बेटावर राहायला गेला. त्याने या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या आयुष्यानेच दिली. त्या आचार्य धर्मानंद कोसंबी यांची ही थोडक्यात ओळख.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. शिक्षण गावात मिळाले तेवढेच, मराठीतले. इंग्रजी शाळेचे तोंडही पाहिले नाही. पुढे नारळीच्या बागा सांभाळायच्या, हे ठरलेलेच होते. १८९१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, बाळाबाईंशी लग्न झाले. मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकात त्यांच्या वाचनात भगवान बुद्धांचे चरित्र आले आणि त्या चार पानांनी त्यांच्या मनाचा ताबा घेतला. बुद्धांचा उपदेश मुळातून समजून घ्यायचा, या एका ध्यासाने १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्या वेळी मोठी मुलगी माणिक अगदी तान्ही होती.

आधी पुणे. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. मग ग्वाल्हेर करत काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि गुरूंकडे संस्कृत शिकायचे, असा क्रम होता. तिथून १९०२ मध्ये ते नेपाळला गेले, पण मनात होते ते तिथे सापडले नाही. बुद्धगयेला आल्यावर त्यांना कळले की पाली ग्रंथ शिकायचे असतील तर सिलोनला जायला हवे. आपल्याच देशात जन्मलेली विद्या आपल्याकडे लोपली होती आणि समुद्रापलीकडच्या बेटावर, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, ती जिवंत होती. खिशात पैसे नव्हते, इंग्रजी येत नव्हते. तरीही कलकत्ता, मद्रास करत १९०२ मध्येच ते कोलंबोला पोचले.

कोलंबोच्या माळिगाकंद भागात विद्योदय परिवेण हे विद्यापीठ होते. हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविरांनी ते १८७३ मध्ये स्थापन केले होते. हे आचार्य तेव्हा पंचाहत्तरीत होते. कोसंबी त्यांचे शिष्य झाले, श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पाली शिकू लागले. ग्रंथ सिंहली लिपीत होते, त्यामुळे आधी लिपी गिरवणे आले. नारळीची झाडे आणि समुद्राचा वारा अगदी गोव्यासारखा, पण विहारातले जेवण काही मानवेना. परदेशात पहिल्या वर्षी जेवणासाठी जीव कासावीस होणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी कुणाला वेगळे सांगायला नको!

सुमारे वर्षभराने ते बेट सोडून पुढे ब्रह्मदेशात गेले. तिथे सगाईंगच्या डोंगरातल्या गुहांत ध्यान शिकताना त्यांचे सोबती होते ञाणतिलोक नावाचे एक भिक्षू. हे मूळचे अँटोन ग्यूट, आपल्या र्‍हाइनकाठच्या वीसबाडेनचे! पुढे १९११ मध्ये या जर्मन भिक्षूंनी सिलोनमधल्याच पोल्गसदूव या छोट्या बेटावर आश्रम स्थापला. गोव्याचा एक आणि जर्मनीचा एक, दोघेही घर सोडून एकाच विद्येच्या शोधात निघालेले.

कोसंबी घरी परतले ते १९०६ मध्ये, जवळजवळ सात वर्षांनी. जाणाऱ्याचे चरित्र लिहिले जाते. मागे राहिलेल्या बाळाबाईंसारख्यांचे क्वचितच. तान्ही सोडलेली माणिक तोवर सात वर्षांची झाली होती. ही किंमत मोठी होती आणि ती कोसंबींनी एकट्याने भरलेली नव्हती, हे विसरून चालणार नाही.

परतल्यावर भिक्षूची वस्त्रे उतरवून त्यांनी पुन्हा संसार मांडला. कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवताना महिना अडीचशे रुपयांपर्यंत पगार मिळू शकत होता. त्याच सुमारास बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये देऊ केले. अट अशी, की महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कोसंबींनी पन्नास रुपये पत्करले. आणलेली विद्या आपल्या माणसांना आपल्या भाषेत द्यायची होती ना!

पुढे १९१० पासून चार वेळा ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. तिथे ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम होते. १९१८ मध्ये गेले तेव्हा माणिक आणि धाकटा दामोदर यांना सोबत नेले. हा दामोदर म्हणजेच पुढचे थोर गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी. मधली १९१२ ते १९१८ ही वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही भोगला. ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आणि ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ त्यांनी मराठीतच लिहिले. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्य अवघ्या दोन महिन्यांवर असताना, सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

आपल्या शहरात नीडरकासेलला जपानी बौद्ध मंदिर आहे. मुलांना घेऊन तिथे गेलात, तर गोव्याच्या या विद्यार्थ्याची गोष्ट त्यांना जरूर सांगा. परत कधी जाणार, या प्रश्नाला त्यांच्या आयुष्याने एक वेगळेच उत्तर दिले आहे. आपण परत जाऊ किंवा न जाऊ, इथे मिळवलेले काही तरी मायभाषेत, आपल्या माणसांपर्यंत पोचले पाहिजे. आणि आपल्यासाठी मागे थांबलेल्यांना उद्याच्या सणाला एक फोनही गेला पाहिजे.