लाव्हाझिए आणि त्याचा तराजू

मेणबत्ती जळून गेली म्हणजे मेण नाहींसें झालें, असें आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस वाटतें. डोळ्यांस तसें दिसतें खरें. परंतु डोळ्यांपेक्षां तराजूची साक्ष अधिक भरंवशाची, हें ज्यानें रसायनशास्त्रास शिकविलें, त्या फ्रेंच पंडिताचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

आंत्वान लाव्हाझिए याचा जन्म पॅरिस शहरीं ता. २६ ऑगस्ट १७४३ रोजीं झाला. त्यानें कायद्याची पदवी घेतली, परंतु त्याचा ओढा शास्त्राकडे होता. १७६८ सालीं राजाच्या शास्त्र-परिषदेनें त्यास सभासद करून घेतलें. त्याच वर्षीं तो सरकारी कराचा मक्ता घेणाऱ्या मंडळींत भागीदार झाला. त्या मिळकतीचा मोठा भाग तो उत्तम उपकरणांवर खर्च करी. १७७१ सालीं त्याचा मारी पोल्झ हिच्याशीं विवाह झाला. ह्या विदुषीनें पतीसाठीं इंग्रजी ग्रंथांचीं भाषांतरें केलीं व त्याच्या ग्रंथांतील उपकरणांच्या आकृत्या काढल्या.

पाणी फार दिवस तापविलें असतां त्याची माती होते, अशी त्या काळीं समजूत होती. लाव्हाझिएनें काचेच्या बंद भांड्यांत पाणी घालून तें १०१ दिवस तापविलें. तळाशीं गाळ आला; परंतु एकंदर वजन तिळमात्र वाढलें नाहीं. भांडें मात्र रिकामें करून तोलतां हलकें भरलें. तेव्हां गाळ पाण्याचा नसून काचेचा, हें उघड झालें.

धातूचें भस्म केलें म्हणजे त्याचें वजन वाढतें. अग्नीचे कण काचेंतून आंत शिरतात म्हणून असें होतें, असें रॉबर्ट बॉईल ह्यासारखे थोर शास्त्रज्ञहि मानीत. १७७४ सालीं लाव्हाझिएनें कथील बंद पात्रांत तापवून, पात्र न उघडतां तोललें. वजन पूर्वींइतकेंच होतें! पात्र उघडतांच बाहेरची हवा आंत घुसली आणि मगच तें वाढलें. म्हणजे कथलानें आंतील हवेचाच कांहीं भाग घेतला होता. न दिसणाऱ्या हवेचाहि हिशेब ठेवल्यामुळें हें कोडें उलगडलें. रासायनिक क्रियेंत द्रव्य नवें उत्पन्न होत नाहीं कीं नष्टहि होत नाहीं, हा नियम त्यानें १७८९ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडला. मेणबत्तीचें मेणहि वाफ व वायु होऊन हवेंतच मिसळतें.

त्याच वर्षीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. करवसुली करणाऱ्यांवर प्रजेचा रोष होता, आणि तो अगदींच निष्कारण होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. तंबाखूंत पाणी मिसळल्याचा आरोपहि त्यांच्यावर आला. ज्यानें जन्मभर चोख तोललें, त्याच्यावर खोट्या वजनाचा आरोप यावा हें केवढें दुर्दैव! ता. ८ मे १७९४ रोजीं सासरा व इतर भागीदार यांच्यासह त्याचा शिरच्छेद झाला. तेव्हां त्याचें वय अवघें पन्नास वर्षांचें होतें.

ईश्वराच्या सृष्टींतील एक कणहि मनुष्यास निर्माण करतां येत नाहीं. मात्र क्रोधाच्या भरांत घेतलेला प्राण त्यास परत देतां येत नाहीं. विद्यार्थ्यांनीं प्रयोग करतांना तराजू हातीं घ्यावा. आणि दुसऱ्याचा न्याय करतांना तर तो अधिकच जपून धरावा.