आजाराशी झुंजणारे बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्या घराघरात माहीत आहे. महाडचे चवदार तळे, पुणे करार, संविधान, नागपूरची दीक्षा हे तर आपल्या लहान पोरांनाही तोंडपाठ आहे. पण या एवढ्या कामामागे एक दुखरा, थकलेला देह होता, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आम्ही बाबासाहेबांच्या आजारपणाची हकीकत सांगायचे ठरवले आहे.

शरीराची हेळसांड शिक्षणाच्या दिवसांपासूनच झाली. लंडनला शिकताना पैशाची ओढाताण. सकाळी पावाचा तुकडा, रात्री भाजलेला पापड, आणि मध्ये दिवसभर ग्रंथालय. पोटाला चिमटा काढून त्यांनी पदव्या मिळवल्या. इकडे घरी माता रमाईंनी तर त्याहून जास्त सोसले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. पुढे २७ मे १९३५ रोजी दीर्घ आजाराने रमाईही गेल्या. आजारपण म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी आधी आपल्या घरात पाहिले होते.

आपल्या खानदेशाचाही या हकीकतीत वाटा आहे. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीबरोबर बाबासाहेब धुळ्याला आले होते. एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावमार्गे मुंबईला परत जाणार होते. चाळीसगावच्या आपल्या माणसांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनपासून महारवाडा अगदी जवळ, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र आपल्यातलाच एक जण. बिचाऱ्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर घोडा बिथरला, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले आणि घोडागाडी खाली नदीत गेली. ते बेशुद्ध झाले, पायाचे हाड मोडले आणि कित्येक दिवस त्यांना उठता येईना. टांगेवाल्यांच्या नकाराची गोष्ट त्यांना नंतर कळली. जातीभेद माणसाचे मनच नाही, तर हाडेही मोडतो, याचा पुरावा आपल्या जळगाव जिल्ह्यातच आहे!

पुढे ३१ जुलै १९३७ रोजी ते न्यायालयीन कामासाठी पुन्हा धुळ्याला आले. त्याची आठवण म्हणून लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला आपली माणसे जमतात.

खरा कठीण काळ आला तो १९४७-४८ मध्ये. मधुमेह, म्हणजे आपण ज्याला साखरेचा आजार किंवा शुगर म्हणतो, तो बळावला होता. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पायाच्या नसा खराब होतात, डोळ्यांवर परिणाम होतो. बाबासाहेबांचे पाय असे ठणकत की रात्र रात्र डोळा लागत नसे. नोकरांना रात्रभर जागावे लागे. आणि हाच तर संविधानाचा मसुदा तयार होण्याचा काळ! मसुदा समितीत सात जण. कोणी वारले, कोणी परदेशी, कोणी दिल्लीपासून लांब. भार पडला तो एकट्या बाबासाहेबांवर. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी त्यांनी मसुदा सादर केला, तो असा ठणकत्या पायांनी.

त्या काळी घरच्या घरी साखर तपासायचे यंत्र नव्हते, आजच्यासारख्या गोळ्याही नव्हत्या. इन्सुलिनची सुई आणि खाण्यापिण्याचे पथ्य एवढाच इलाज. मुंबईचे डॉ. मालवणकर त्यांच्यावर उपचार करत. त्यांच्याच दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करत होत्या. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांनी त्यांच्याशी विवाह केला. त्याच पुढे डॉ. सविता, आपल्या माईसाहेब. सुई, औषध, जेवण यावर त्यांनी नजर ठेवली.

माईसाहेबांविषयी आपल्या लोकांत वर्षानुवर्षे उलटसुलट बोलले गेले. पण ६ एप्रिल १९५६ तारखेच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतः माईसाहेबांचे आणि डॉ. मालवणकरांचे उपकार मानले आहेत. या दोघांमुळेच आपण ग्रंथ पुरा करू शकलो, असा त्याचा आशय आहे. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात छापली गेली नाही. आम्हाला वाटते, ज्याचा देह त्याचीच साक्ष खरी मानावी.

बाबासाहेबांनी इलाज घेतला, पण कामापुढे तो मागेही ढकलला. ऑगस्ट १९५१ मध्ये डॉक्टर उपचारासाठी महिनाभर सुट्टी घ्या म्हणत होते. बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना कळवले की आधी हिंदू कोड बिल घ्या, मग उपचार. बिल रखडले, आणि २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. स्त्रियांच्या हक्कासाठी त्यांनी आपली तब्येतसुद्धा पणाला लावली, हे आपल्या आयाबहिणींनी विसरू नये.

शेवटची वर्षे फार त्रासाची गेली. नजर मंदावली, चालताना आधार लागे. नानकचंद रत्तू रात्री उशिरापर्यंत बसून त्यांचे लिखाण टाईप करत. त्याच अवस्थेत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहून झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंना दीक्षा दिली. नोव्हेंबरात काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद, मग सारनाथ, कुशीनगर. परत आले आणि ५ डिसेंबरच्या रात्रीही लिखाणाचे कागद उशाशी मागवले. ६ डिसेंबरच्या पहाटे दिल्लीच्या २६, अलिपूर रोड येथे झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय अवघे पासष्ट.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांना जे मिळाले नाही ते आज आपल्या दाराशी आहे. जळगाव, धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात शुगर तपासता येते, गोळ्या मिळतात. तरी कोणी आजार लपवतो, कोणी बरे वाटले की गोळी सोडून देतो, कोणी पायाच्या जखमेकडे बघतच नाही. तथागतांनी हगवणीने पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः हातांनी धुतले आणि भिक्खूंना एकमेकांची सेवा करायला सांगितले. तोच धम्म आपला आहे. घरातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात घेऊन जा, गोळी घेतली का ते विचारा, रोज त्यांचे तळपाय बघा. चाळीसगावला टांगा हाकायला टांगेवाला मिळाला नाही म्हणून बाबासाहेबांचा पाय मोडला. आज वाहन मिळते; आता उठून जायचे तेवढे बाकी आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!