लिंथचा एशर

स्वित्झर्लंडांतील लिंथ नदी ग्लारुसच्या डोंगरांतून दगडगोटे वाहून आणी. त्यामुळें तिचें पात्र उंचावे, वालेन सरोवराचें पाणी तुंबे, वेसेन व वालेनस्टाट हीं गांवें जलमय होत आणि दलदलींतून हिंवताप पसरे. झुरिचचा हान्स कोनराड एशर (१७६७–१८२३) हा पेशानें कापडाचा कारखानदार. भूगर्भशास्त्र ही त्याची हौस. १८०७ सालीं त्यानें वेतनावांचून हें काम अंगावर घेतलें. खर्चासाठीं भाग विकले. त्याची युक्ति आम्हांस फार मार्मिक वाटते: १८११ सालीं नदीच नव्या कालव्यानें सरोवरांत वळविली, म्हणजे दगडगोटे तेथील खोल पाण्यांतच राहावे! १८१६ सालीं सरोवरापासून झुरिच सरोवराकडे जाणारा दुसरा कालवा खुला झाला व तुंबलेलें पाणी ओसरूं लागलें. एशरच्या मृत्यूनंतर झुरिच सरकारनें त्याच्या वंशजांस ‘लिंथचे एशर’ हें नांव लावण्याचा मान दिला.