लुई ब्रेल
लुई ब्रेल (४ जानेवारी, १८०९ – ६ जानेवारी, १८५२) हे फ्रेंच शिक्षक, संगीतवादक आणि अंधांसाठीच्या स्पर्शलिपीचे जनक होते. कागदावर उठविलेल्या सहा टिंबांच्या मांडणीवर आधारलेली ही लिपी त्यांच्याच नावाने ब्रेल लिपी म्हणून ओळखली जाते. ते स्वतः वयाच्या पाचव्या वर्षापासून पूर्णतः अंध होते. लिपीचा मुख्य आराखडा त्यांनी वयाच्या पंधराव्या वर्षी तयार केला. मात्र ज्या शाळेत ते शिकले आणि शिकविले, त्या शाळेने तिला अधिकृत मान्यता त्यांच्या मृत्यूनंतर दिली.

बालपण
ब्रेल यांचा जन्म पॅरिसच्या पूर्वेस असलेल्या कूव्रे या लहान गावी झाला. वडील सिमाँ-रने ब्रेल हे खोगिरे आणि घोड्यांचा साज बनविणारे कारागीर होते. आईचे नाव मोनिक. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटे.

१८१२ साली, तीन वर्षांचे असताना, ते वडिलांच्या कारखान्यात कातडे कापण्या-टोचण्याच्या हत्यारांशी खेळत होते. त्या वेळी एक टोकदार हत्यार निसटून त्यांच्या डोळ्यात घुसले. हे हत्यार बहुतेक चरित्रांत आरी म्हणून येते, काहींत ती वाकडी सुरी आहे. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि दोन वर्षांत दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. जंतुसंसर्गावर त्या काळी खेड्यातच काय, पॅरिसमध्येही परिणामकारक उपाय नव्हता. पुढे याच आरीने लुईंनी आपली लिपी कोरली, अशी कथा लोकप्रिय आहे. कथेला ती शोभते, इतकेच तिच्याविषयी म्हणता येईल.

त्या काळात गरीब घरातील अंध मुलाच्या वाट्याला बहुधा भीक मागणे किंवा एखादे अंगमेहनतीचे काम येत असे. ब्रेल कुटुंबाने मात्र मुलाला घराच्या कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली आणि तो गावात एकटा फिरू लागला. गावचे धर्मगुरू जाक पाल्वी यांनी त्याला प्राथमिक शिक्षण दिले. त्यानंतर गावच्या शाळामास्तरांनी त्याला डोळस मुलांबरोबर वर्गात बसण्याची परवानगी दिली. तेथे तो केवळ ऐकून शिकत असे आणि वर्गात हुशार गणला जाई. पण वाचन आणि लेखन या दोन्ही गोष्टी त्याला बंद होत्या. अखेर पाल्वी आणि स्थानिक सरदार मार्की दॉर्व्हिलिए यांच्या खटपटीने त्याला पॅरिसच्या शाही अंध युवक संस्थेत शिष्यवृत्ती मिळाली.

पॅरिसमधील शाळा
१५ फेब्रुवारी, १८१९ रोजी दहा वर्षांचे लुई या संस्थेत दाखल झाले. व्हालाँताँ आयुई यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन केलेली ही शाळा जगातील अंधांच्या पहिल्या शाळांपैकी होय. त्या वेळी ती सँ-व्हिक्तोर रस्त्यावरील एका जुन्या इमारतीत भरत असे. पूर्वी तेथे धर्मगुरूंचे विद्यालय होते आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ मध्ये, तेथे कैदेत ठेवलेल्या धर्मगुरूंची कत्तल झाली होती. इमारत ओलसर, अंधारी आणि कोंदट होती. ब्रेल यांना पुढे जडलेल्या क्षयरोगाचा संबंध अनेक चरित्रकार या वास्तूशी जोडतात.

शाळेत आयुई यांची वाचनपद्धती चालत असे. ओल्या जाड कागदावर ठळक अक्षरे दाबून उठविली जात आणि विद्यार्थी त्यांवरून बोटे फिरवून अक्षर ओळखीत. अंध व्यक्ती वाचू शकते हे या पद्धतीने प्रथम सिद्ध केले, आणि हे श्रेय आयुई यांचेच आहे. पण ही अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली होती. बोटाला एकेका अक्षराची वळणे चाचपावी लागत. वाक्याच्या अखेरीस पोहोचेपर्यंत सुरुवात विसरली जाई. पुस्तके अवजड आणि खर्चिक असल्याने मोजकीच होती. सर्वांत मोठी उणीव म्हणजे विद्यार्थ्याला या पद्धतीने स्वतः काही लिहिता येत नसे.

बार्बिये यांची टिंबे
१८२१ मध्ये शार्ल बार्बिये हे निवृत्त तोफखाना अधिकारी आपली एक लेखनपद्धती घेऊन संस्थेत आले. ही पद्धती नेपोलियनच्या आज्ञेवरून सैनिकांना अंधारात संदेश वाचता यावेत म्हणून तयार झाली, असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु तशी आज्ञा झाल्याचा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. बार्बिये यांना शीघ्रलेखन आणि अशिक्षितांसाठी सोप्या लेखनपद्धती यांत दीर्घकाळ रस होता, हे मात्र निश्चित.

त्यांच्या पद्धतीत फ्रेंच भाषेतील ३६ ध्वनी सहा ओळी आणि सहा स्तंभांच्या तक्त्यात मांडलेले होते. प्रत्येक ध्वनीसाठी टिंबांचे दोन उभे स्तंभ काढावयाचे. एका स्तंभातील टिंबांची संख्या ओळ सांगे, दुसऱ्यातील स्तंभ. अशा रीतीने एका चिन्हात बारापर्यंत टिंबे येऊ शकत. लिहिण्यासाठी त्यांनी खाचा असलेली पाटी आणि टोचणी हे साधनही तयार केले होते. विद्यार्थ्यांना टिंबे उठावाच्या अक्षरांपेक्षा बोटाला फार लवकर कळली. शिवाय आता ते स्वतः लिहू शकत होते.

दोष तितकेच मोठे होते. बारा टिंबांचे चिन्ह बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. चिन्हे ध्वनींची असल्याने शब्दांचे शुद्धलेखन त्यांतून शिकता येत नसे. विरामचिन्हे, अंक आणि संगीत यांची सोय नव्हती. बारा वर्षांच्या ब्रेल यांनी सुधारणा सुचविल्या, पण बार्बिये यांना त्या पटल्या नाहीत. गरीब अंधांना बोलण्याबरहुकूम लिहिता आले की पुरे, शुद्धलेखनाचे ओझे त्यांच्यावर कशाला, अशी त्यांची भूमिका होती. वरवर पाहता तीत दयाबुद्धी दिसते. ब्रेल यांना मात्र डोळस माणसाला जे जे वाचता येते ते सर्व हवे होते. असे असूनही १८२९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी बार्बिये यांचे ऋण स्पष्टपणे मान्य केले आहे.

सहा टिंबांची रचना
पुढील तीन वर्षे ब्रेल शाळेचे तास संपल्यावर, रात्री आणि सुट्टीत कूव्रेला गेले असता या कामात गढलेले असत. १८२४ पर्यंत आराखडा सिद्ध झाला.

त्यांनी चिन्हाची उंची निम्म्यावर आणली. दोन उभे स्तंभ, प्रत्येकात तीन टिंबे. डावीकडील टिंबांना वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडील टिंबांना ४, ५, ६ असे क्रमांक दिले जातात. एवढी चौकट बोटाच्या अग्रभागाखाली एकाच वेळी बसते. बोट वरखाली न फिरविता नुसते पुढे सरकत राहते. सहा टिंबांपासून ६३ वेगवेगळी चिन्हे तयार होतात. अक्षरे, स्वराघात आणि विरामचिन्हे यांना ती पुरेशी आहेत.

लिपीची खरी हुशारी मात्र चिन्हांच्या क्रमात आहे. पहिली दहा अक्षरे केवळ वरच्या चार टिंबांतून बनतात. पुढच्या दहांसाठी तीच दहा चिन्हे घेऊन प्रत्येकात तिसरे टिंब मिळविले जाते. त्यापुढील गटात तिसरे आणि सहावे अशी दोन टिंबे वाढतात. त्यामुळे ‘ए’ म्हणजे टिंब १, ‘के’ म्हणजे १ व ३, ‘यू’ म्हणजे १, ३ व ६. दहा चिन्हे पाठ झाली की बाकीची नियमाने येतात. ‘डब्ल्यू’ हे अक्षर या क्रमात बसत नाही, कारण तत्कालीन फ्रेंच वर्णमालेत त्याला स्थान नव्हते. ते नंतर स्वतंत्रपणे जोडले गेले.

शब्द, संगीत आणि चर्चमधील गायन टिंबांच्या साहाय्याने लिहिण्याची पद्धत सांगणारे त्यांचे पुस्तक १८२९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात टिंबांबरोबर काही आडव्या रेघाही होत्या. रेघा पाटीवर काढणे अवघड जाते, हे अनुभवास आल्यावर १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या वगळण्यात आल्या. त्याच वर्षी फ्रान्सच्या इतिहासाचे एक पुस्तक या लिपीत तीन खंडांत छापले गेले.

शिक्षक आणि वादक
ब्रेल १८२८ मध्ये संस्थेत साहाय्यक शिक्षक आणि १८३३ मध्ये पूर्ण शिक्षक झाले. इतिहास, भूमिती व बीजगणित हे त्यांचे विषय होते. ते चेलो आणि ऑर्गन उत्तम वाजवीत आणि पॅरिसमधील चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून काम करीत. लिपीत संगीतलेखनाची सोय पहिल्यापासून असण्याचे कारण येथे सापडते. ऑर्गनवादन हा त्या काळी अंधांना खुला असलेल्या थोड्या प्रतिष्ठित व्यवसायांपैकी एक होता. ब्रेल स्वभावाने शांत, मितभाषी आणि हात सढळ असलेले होते. गरजू विद्यार्थ्यांना ते उसने पैसे देत.

अंध माणूस अंधाला लिहू शकत होता, पण डोळस आप्तेष्टांना ब्रेल लिपी कळत नसे. यासाठी ब्रेल यांनी १८३९ मध्ये दुसरी एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत दहा टिंबांच्या उंचीच्या जाळीवर नेहमीच्या रोमन अक्षरांचा आकार टिंबांनी काढता येई. अंध लेखकाने लिहावे आणि डोळस वाचकाने ते डोळ्यांनी वाचावे, अशी ही योजना होती. हे काम हाताने अतिशय सावकाश होत असल्याने संस्थेचे अंध माजी विद्यार्थी पिएर फूको यांनी ब्रेल यांच्या सहकार्याने त्यासाठी दट्ट्यांचे एक यंत्र बनविले (१८४१). टंकलेखन यंत्र बाजारात येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

लिपीला विरोध
संचालक आलेक्सांद्र-रने पिन्ये यांनी ब्रेल यांना उत्तेजन दिले होते. १८४० मध्ये त्यांना पद सोडावे लागले आणि पिएर-आर्माँ द्युफो त्यांच्या जागी आले. त्यांना टिंबांची लिपी मान्य नव्हती. डोळसांना न वाचता येणारी लिपी अंधांना समाजापासून तोडील, हा त्यांच्यासारख्यांचा मुख्य आक्षेप होता. द्युफो यांनी उठावाच्या रोमन अक्षरांची नवी पद्धत लागू केली, ब्रेल लिपीच्या वापरास बंदी केली आणि जुनी पुस्तके जाळून टाकली. आक्षेप अगदीच पोकळ होता असे नाही. पण तो घेणाऱ्यांना ती अक्षरे बोटांनी वाचावी लागत नव्हती.

बंदी टिकली नाही. विद्यार्थी चोरून टिंबांत टिपणे काढीत आणि परस्परांना चिठ्ठ्या लिहीत. नव्या विद्यार्थ्यांना जुने विद्यार्थी लिपी शिकवीत. उपसंचालक जोसेफ ग्वादे यांनी हे पाहिले आणि ते स्वतः लिपीचे पुरस्कर्ते बनले. द्युफो यांचे मनही त्यांनी वळविले. संस्था नव्या प्रशस्त इमारतीत गेल्यानंतर २२ फेब्रुवारी, १८४४ रोजी तिचे समारंभपूर्वक उद्‌घाटन झाले. त्या वेळी ग्वादे यांनी लिहिलेली लिपीची माहिती वाचून दाखविण्यात आली आणि प्रात्यक्षिकही झाले: एका विद्यार्थ्याने सांगितलेला मजकूर टिंबांत उतरविला आणि तो सांगताना हजर नसलेल्या दुसऱ्याने तो बोटांनी वाचून दाखविला. ब्रेल त्या समारंभास उपस्थित होते.

आजार व मृत्यू
क्षयाची लक्षणे ब्रेल यांना विशीतच दिसू लागली होती. प्रकृती खालावत गेली तसे अध्यापन कमी करावे लागले; मधूनमधून ते कूव्रेला विश्रांतीसाठी जात. डिसेंबर १८५१ मध्ये रक्तस्राव होऊन ते अंथरुणास खिळले आणि ६ जानेवारी, १८५२ रोजी, ४३ वर्षे पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, संस्थेतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या सूचनेनुसार नष्ट केलेल्या एका पेटीत विद्यार्थ्यांनी लिहून दिलेले कर्जाचे कागद होते, असे चरित्रकार नमूद करतात. त्यांचे दफन कूव्रे येथे झाले.

प्रसार
संस्थेने १८५४ मध्ये लिपी अधिकृतपणे स्वीकारली. १८७८ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला पसंती दिली. इंग्लंडमध्ये टॉमस आर्मिटेज या दृष्टी गमावलेल्या डॉक्टरांनी १८६८ पासून तिच्यासाठी चळवळ केली. अमेरिकेत मात्र टिंबांच्या वेगवेगळ्या पद्धती अनेक दशके एकमेकींशी झगडत राहिल्या आणि इंग्रजी ब्रेलची एकरूपता १९३२ मध्ये साधली.

भारतातही एकेका भाषेसाठी निरनिराळे संकेत प्रचारात होते. युनेस्कोच्या साहाय्याने १९५१ मध्ये सर्व प्रमुख भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल हा समान संकेत ठरला. मराठी ब्रेल हे त्याचेच रूप आहे. त्यात काना, वेलांटी अशी वेगळी चिन्हे नाहीत. व्यंजनानंतर पूर्ण स्वरच लिहिला जातो. ‘मराठी’ हा शब्द म, र, आ, ठ, ई अशा पाच चिन्हांत लिहितात, आणि त्यातील ‘ठ’ साठी ब्रेल यांच्या क्रमात न बसलेले ‘डब्ल्यू’चे चिन्ह वापरले आहे. जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण व्यंजनाच्या आधी येते. ‘ळ’ साठी उजव्या स्तंभातील तिन्ही टिंबे आहेत.

पाटीवर टोचणीने लिहिताना टिंबे कागदाच्या मागील बाजूस उठतात. म्हणून उजवीकडून डावीकडे उलटी चिन्हे काढून मग कागद पालटावा लागतो. टिंबे सुलट उठविणाऱ्या यंत्रांमुळे ही अडचण दूर झाली. आज संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर बारीक खिळे विजेच्या साहाय्याने वरखाली होऊन एकामागून एक ओळी बोटाखाली येतात. या पट्ट्यांत बहुधा प्रत्येक चौकटीला दोन टिंबे वाढवून आठ केलेली असतात. वरची सहा टिंबे १८२४ च्या जागीच आहेत.

सन्मान
मृत्यूच्या शताब्दीनिमित्त १९५२ मध्ये ब्रेल यांचे अवशेष पॅरिसच्या पाँतेआँ या राष्ट्रीय स्मारकात हलविण्यात आले. हेलन केलर या सोहळ्यास हजर होत्या. कूव्रेच्या ग्रामस्थांच्या भावनेला मान देऊन त्यांचे हात मात्र गावच्या दफनभूमीतच एका कलशात ठेवलेले आहेत. त्यांचे जन्मघर आता संग्रहालय आहे. द्विजन्मशताब्दीनिमित्त २००९ मध्ये भारत सरकारने दोन रुपयांचे स्मारक नाणे काढले. ४ जानेवारी हा दिवस २०१९ पासून संयुक्त राष्ट्रसंघातर्फे जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो.