न्यायमूर्ती रानडे आणि जुन्या नाण्यांची पारख

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे नाव समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ व न्यायाधीश म्हणून सर्वतोमुखी आहे. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत. तथापि मराठेशाहीतील टांकसाळी व त्यांत घडलेली नाणी यांचा इतिहास ज्यांनी प्रथम आस्थेने शोधला, त्यांत त्यांची गणना करावी लागते. सोनारकी व सराफी हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्या कुटुंबांच्या या स्मरणिकेत त्यांस स्थान देणे आम्हांस उचित वाटते.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. शिक्षण प्रथम कोल्हापुरास व पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात झाले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक होत. विद्यार्थीदशेत एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची बाजू इंग्रजी राज्यापेक्षा वरचढ ठरविल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती काही काळ बंद झाली होती. त्या विषयाचा ध्यास मात्र अखेरपर्यंत सुटला नाही. १८७१ मध्ये ते न्यायखात्यात पुण्यास आले. सार्वजनिक सभा, विधवाविवाह, प्रार्थनासमाज यांसंबंधीचे त्यांचे कार्य वाचकांस विदित असल्याने येथे विस्तार करीत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १८७५ साली सुपे येथे दंगा होऊन सावकारांचे रोखे जाळले गेले व तो वणवा अन्यत्र पसरला. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, तो पुणे जिल्ह्यासही लागू होता. त्याच्या अंमलबजावणीचे काम रानडे यांनी अनेक वर्षे केले. रोख्यावर लिहिलेला आकडाच प्रमाण न मानता, मूळ व्यवहार काय झाला हे न्यायाधीशाने खणून पाहावे, असा त्या कायद्याचा रोख होता. कागद खरा असूनही त्यावरील मजकूर खोटा असू शकतो, हे त्यांस तेथे नित्य दिसत असले पाहिजे.

१८९३ मध्ये ते मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. १८९९ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी मराठी राज्यातील चलन व टांकसाळी या विषयावर इंग्रजी निबंध वाचला. त्यास पेशवे दप्तराचा आधार होता. खाजगी मक्तेदारांनी नाणी हीणकस पाडावीत, रयतेने व व्यापाऱ्यांनी बट्ट्याचा भुर्दंड सोसावा, आणि अखेर सरकारने टांकसाळी बंद कराव्यात, हा प्रकार त्या काळी वारंवार घडे. धारवाडकडे तर खाजगी टांकसाळी मोडून एकच मध्यवर्ती टांकसाळ ठेवावी लागली. आपल्या चिंचवडास व चाकणासही पेशवाईत टांकसाळी होत्या, हे आजच्या कारखान्यांच्या गर्दीत किती जणांस ठाऊक असेल?

या परिसरातील भूमी अद्यापि नाणी देते. २०२१ साली चिखली येथे मजुरांस मातीत सापडलेली २१६ सोन्याची नाणी पोलिसांनी ताब्यात घेतली. त्यांचे एकूण वजन २३५७ ग्रॅम भरले, म्हणजे दर नाण्यास सुमारे १०.९ ग्रॅम. मुघली मोहरेचे वजन तेवढेच. अशी वार्ता पसरली की पाठोपाठ ठकही येतात. खोदकामात हंडा सापडला असे सांगून, नमुना म्हणून एक अस्सल नाणे कसास लावू द्यावयाचे व पुढे पितळ गळ्यात बांधावयाचे, ही त्यांची रीत.

याहून अवघड प्रकार आमच्या पाहण्यात आला आहे. सोने उत्तम असते, पण नाणे कालचे असते. कसोटीचा दगड सोन्याचा कस सांगतो, वय सांगत नाही. आणि आपल्यातील जाणते कारागीरही येथेच फसतात. ओतीव नाण्यास बारीक छिद्रे, बोथट अक्षरे व कडेस सांध्याची रेघ दिसते. हातोड्याने पाडलेल्या नाण्यात ठसा चकतीहून मोठा असल्याने लेख बहुधा अर्धामुर्धाच उमटतो. म्हणून संपूर्ण, रेखीव लेख पाहून हुरळून न जाता अधिक संशय घ्यावा. शिवकालीन होनाच्या बाबतीत तर दुप्पट सावध असावे. तो पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, अत्यंत दुर्मिळ, आणि त्याच्या नकला मात्र विपुल. ठसा, लिपी, वजन व ते नाणे कोणाकडून कसे आले याची हकीकत, ही सर्व एकत्र ताडून पाहावी लागतात. रोख्यामागचा व्यवहार पाहणे ते हेच. आणि जमिनीत सापडलेले द्रव्य असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे प्राप्त आहे, ते आटवून टाकणे हा गुन्हा होय.

मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील रानडे यांचा ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा पुढील भाग लिहिण्यास त्यांस अवधी मिळाला नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठावे वर्ष पुरे होण्यास दोन दिवस असता, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.